आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा



गेल्या शाबान महिन्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर दारात एक आई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. हातात मोबाईल, चेहऱ्यावर संकोच. म्हणाली, "सर, पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेले तर हे भलतंच काही उघडतंय. मला वाटलं माझ्याच मोबाईलमध्ये काही झालं. घरात लहान पोरं आहेत, म्हणून लगेच बंद केला."

आम्ही मोबाईल हातात घेतला. वेबसाईट आमच्याच समितीची होती. गावातल्या गरजू मुलींच्या फीची व्यवस्था करणारी ही छोटी समिती, आणि तिच्या वेबसाईटची जबाबदारी नावापुरती का होईना, आमच्याकडे. पत्ता बरोबर होता, पण पान उघडले की दोन सेकंदांत जुगाराची जाहिरात समोर येत होती. ज्या पानावर मुलींनी नाव, पत्ता आणि आईच्या उत्पन्नाचा दाखला द्यायचा, त्या पानावर जुगार! शरमेने आमची मान खाली गेली.

दोष कोणाचा? ही वेबसाईट एका हौशी तरुणाने बनवून दिली होती. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. त्यानंतर चार वर्षे तिला कोणी हात लावला नाही. आत गेले की "अपडेट उपलब्ध आहे" अशी सूचना दिसायची आणि आम्ही ती पाहून न पाहिल्यासारखी करायचो. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? बिघडलं तर?" हे वाक्य दुसऱ्या कोणाचे नाही, आमचेच आहे. म्हणून या महिन्याचा लेख आमच्या चुकीवर. आज कोणाच्या घरी शिवणकामाच्या दुकानाची वेबसाईट आहे, कोणाच्या शाळेची, कोणाच्या जमातीची. आमची चूक तुमच्या कामी यावी, एवढाच हेतू.

वेबसाईट म्हणजे घर

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सोपे करून सांगतो. वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, हा घराचा पत्ता. होस्टिंग म्हणजे भाड्याने घेतलेली जागा. त्या जागेवरचे बांधकाम म्हणजे वर्डप्रेससारखे सॉफ्टवेअर. वर्डप्रेस २००३ साली सुरू झाले, ते फुकट मिळते आणि जगातल्या लहानमोठ्या असंख्य वेबसाईट त्यावरच उभ्या आहेत. थीम म्हणजे घराची मांडणी आणि रंगरंगोटी. प्लगइन म्हणजे नंतर बसवलेल्या सोयी: पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, दाराची घंटा. अर्जाचा फॉर्म हे एक प्लगइन, फोटोंची सरकती पट्टी हे दुसरे.

आता घर कितीही चांगले बांधले तरी वर्षा-दोन वर्षांनी कौले फिरवावी लागतात, कुलूप जुने झाले की बदलावे लागते. अपडेट म्हणजे तेच. काही अपडेट नवी सोय देतात, पण बरेचसे सापडलेले भोक बुजवण्यासाठी असतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. भोक बुजवणारा अपडेट जाहीर झाला की ते भोक कुठे होते हे चोरालाही कळते. म्हणजे ज्याने अपडेट केले तो सुरक्षित झाला आणि ज्याने केले नाही त्याचा धोका आधीपेक्षा वाढला.

२०१७ साली नेमके हेच घडले. वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीत एक गंभीर भोक सापडले. ते बुजवणारी ४.७.२ आवृत्ती २६ जानेवारीला आली. लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून त्या भोकाची माहिती मुद्दाम काही दिवस गुप्त ठेवली आणि १ फेब्रुवारीला जाहीर केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जगभरातल्या वेबसाईटांची लाखो पाने विद्रूप झाली. ती मुख्यतः अपडेट न केलेल्यांची होती. चोर काही तुमचे नाव विचारून येत नाही. त्याची यंत्रे रात्रंदिवस दारे ढकलत फिरतात, जे उघडे सापडेल त्यात शिरतात. "आमच्यासारख्या लहान वेबसाईटला कोण विचारतो?" हा समज आम्हालाही होता.

न्हावा-शेवा आणि घानामधली वीज

त्याच वर्षीची आणखी एक हकीकत आपल्या महाराष्ट्रातली आहे. २०१७ ची रमजान ईद आपल्याकडे २६ जूनला झाली. दुसऱ्याच दिवशी, २७ जूनला, 'नॉटपेट्या' नावाच्या संगणकीय हल्ल्याने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले. कंटेनरचे काम खोळंबले. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी उत्पादकांना बंदर खोळंबणे म्हणजे काय ते सांगायला नको. कापलेला घड कोणासाठी थांबत नाही.

हा हल्ला विंडोजमधल्या ज्या भोकातून पसरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिला होता. म्हणजे साडेतीन महिने आधी. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांच्या संगणकांची दारे उघडीच होती. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हा हल्ला पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे अपडेट केलेले काही संगणकही त्यात गेले. आणि त्याची सुरुवात तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष कालवून झाली होती.

मग अपडेट करून उपयोग काय, असे कोणी विचारेल. उत्तर मर्स्कच्याच गोष्टीत आहे. त्यांच्या जाळ्याचा नकाशा म्हणावा अशी अत्यंत महत्त्वाची माहिती सगळीकडून पुसली गेली. एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात. का वाचली? हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती आणि तो संगणक जाळ्याशी जोडलेला नव्हता! त्या एका प्रतीच्या आधारे कंपनी पुन्हा उभी राहिली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले.

खानदेशात राहून वीज गेल्याबद्दल शुक्र अदा करण्याची वेळ आपल्यावर कधी आली नसेल, पण त्या दिवशी एका जगव्यापी कंपनीवर आली. धडा साधा आहे. अपडेट करा, पण त्याआधी एक प्रत बाजूला, मुख्य जागेपासून वेगळी ठेवा. उंटाची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल. बॅकअप म्हणजे तो दोर.

आमची दुसरी चूक

जुगाराची जाहिरात पाहून आम्ही त्या रात्री काय केले? घाईघाईने आत शिरलो, सगळ्या खुणा केल्या आणि "सर्व अपडेट करा" दाबले. बॅकअप घेतला नाही. पाच मिनिटांत वेबसाईट कोरी पांढरी झाली. अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. शेवटी आम्ही मशिदीच्या आणि शाळेच्या फलकावर सूचना लावली, कागदावर अर्ज घेतले आणि मुदत आठवडाभर वाढवली. कोणत्याही मुलीचे नुकसान झाले नाही, अलहम्दुलिल्लाह. पण ती रात्र झोपेविना गेली.

दुसऱ्या दिवशी मदतीला धावून आली ती आमची एक जुनी विद्यार्थिनी. ती याच समितीच्या मदतीवर शिकली आणि आता संगणकाचा अभ्यास करते. तिने आधी आम्हाला बसवून चहा पाजला, मग म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला शिकवायचे ना, पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचा, मग लिहा. इथेही तेच आहे." पुढच्या पायऱ्या तिने शिकवल्या आणि आम्ही वहीत लिहून घेतल्या, त्या अशा.

पहिली पायरी: यादी. एका वहीत लिहा. डोमेन कोणाच्या नावावर आहे, होस्टिंग कोणाकडून घेतले, दोन्हींची मुदत कधी संपते, वर्डप्रेसची आवृत्ती कोणती, थीम कोणती, प्लगइन किती आणि प्रत्येकाचा शेवटचा अपडेट कधीचा. आत कोणाकोणाला प्रवेश आहे तेही पाहा. आमच्याकडे समिती सोडून गेलेल्या तिघांची खाती अजून चालू होती आणि एक खाते असे, की ज्याला कोणीच ओळखत नव्हते.

दुसरी पायरी: बॅकअप. वेबसाईटचे दोन भाग असतात. फाइली, म्हणजे फोटो, थीम, प्लगइन. आणि डेटाबेस, म्हणजे लिहिलेला सगळा मजकूर. दोन्हींची प्रत हवी. नुसत्या फाइली घेतल्या तर भिंती मिळतील, घरातले सामान नाही. बहुतेक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बॅकअपची सोय असते, किंवा अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन ते काम करते. ती प्रत त्याच होस्टिंगवर ठेवू नका. एक घरच्या संगणकात, एक पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि ती एकदा उघडून पाहा. मराठी-उर्दू वेबसाईटसाठी तर हे फार गरजेचे. जुन्या डेटाबेसची प्रत परत बसवताना अक्षरांची पद्धत चुकली की सगळा मजकूर प्रश्नचिन्हांनी भरतो. ते आज कळलेले बरे.

तिसरी पायरी: तालीम. अनेक होस्टिंगवर 'स्टेजिंग' नावाची सोय असते. ती म्हणजे तुमच्या वेबसाईटची जोड-नक्कल, जी लोकांना दिसत नाही. आधी अपडेट तिथे करा. बिघडले तरी कोणाला कळणार नाही.

चौथी पायरी: एकेक करून. एक प्लगइन अपडेट करा, वेबसाईट उघडून पाहा, फॉर्म भरून पाहा, मग दुसरे. त्यानंतर थीम, आणि वर्डप्रेसची मोठी आवृत्ती शेवटी. काही जाणकार वर्डप्रेस आधी करतात. क्रमाबद्दल मते वेगळी असतील, पण "एका वेळी एक" याबद्दल दुमत नाही. सगळे एकदम केले आणि बिघडले तर दोषी कोण हे कळत नाही. होस्टिंगवरच्या पीएचपी या भाषेची आवृत्तीही पाहा. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला आहे, तरी जुन्या वेबसाईट अजून त्यावर चालतात. तिचा नंबर मात्र वरच्या सगळ्यानंतर.

पाचवी पायरी: थीम जपून. आमच्या वेबसाईट बनवणाऱ्या तरुणाने थीमच्या मूळ फाइलींमध्येच बदल केले होते. थीम अपडेट झाली की असे बदल पुसले जातात. आमच्या उर्दू सूचना उजवीकडून डावीकडे दिसायच्या, नस्तालीक अक्षरात. अपडेटनंतर त्या डावीकडे सरकल्या आणि अक्षरही बदलले. यावर उपाय म्हणजे 'चाइल्ड थीम'. मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळ्या फाइलीत ठेवायचे. रंग आणि अक्षरांचे किरकोळ बदल 'अतिरिक्त सीएसएस'च्या चौकटीत लिहिले तरी अपडेटमध्ये टिकतात.

सहावी पायरी: पील कापा. केळीच्या बागेत मुख्य झाडाभोवती उगवणारे पील वेळेवर कापले नाहीत तर ते झाडाचे अन्न खातात, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. न वापरलेली प्लगइन आणि थीम तशीच. नुसती बंद करून ठेवू नका, काढून टाका. बंद पडलेल्या प्लगइनच्या फाइलीतूनही चोर शिरू शकतो. एखादी जुनी थीम बिघाडाच्या वेळेसाठी हवी असेल तर वर्डप्रेसची स्वतःची एक ठेवा, तीही अपडेट करून. ज्या प्लगइनच्या पानावर "वर्डप्रेसच्या गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांसह तपासलेले नाही" अशी सूचना दिसते त्याला पर्याय शोधा. विकतची थीम फुकट देणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. त्यात अनेकदा चोरदरवाजा बसवूनच दिलेला असतो, आणि दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू अशी घेणे आपल्यासाठी जायजही नाही.

बिघडलेच तर?

घाबरू नका. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, एखाद्या प्लगइनमुळे वेबसाईट कोसळली तर चालकाच्या ई-मेलवर दुरुस्तीची लिंक येते. म्हणून तो ई-मेल चालू असला पाहिजे. आमचा पुण्याला गेलेल्या मुलाचा होता आणि त्याने तो कधीच सोडून दिला होता. लिंक आलीच नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदला, ते आपोआप बंद होते. आमची पांढरी झालेली वेबसाईट याच युक्तीने परत दिसू लागली. आणि काहीच जमले नाही, तर बॅकअप आहेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चोर आधीच शिरला असेल तर नुसत्या अपडेटने तो बाहेर जात नाही. घरात माणूस लपलेला असताना बाहेरून नवे कुलूप लावल्यासारखे ते होते. अशा वेळी वेबसाईट तात्पुरती बंद करा, होस्टिंगवाल्यांना कळवा, चोरी होण्यापूर्वीची स्वच्छ प्रत बसवा, अनोळखी खाती काढा आणि सर्व पासवर्ड बदला. आमच्याकडे स्वच्छ प्रत नव्हती, म्हणून वेबसाईट पहिल्यापासून नवी उभी करावी लागली. त्यात दीड महिना गेला. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

आणि अपडेटची सूचना ई-मेलने किंवा उडत्या चौकटीत आली तर तिथे दाबू नका. स्वतः आपल्या वेबसाईटच्या आत जा, तिथे तीच सूचना दिसते का पाहा. कोणी खबर आणली तर आधी तिची छाननी करा, ही सूरह हुजुरातची शिकवण इथेही तितकीच लागू आहे.

खरी गोष्ट अमानतीची

वेबसाईट पुन्हा उभी राहिल्यावर आमच्या विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला, त्याने आम्ही गप्प झालो. "सर, जुन्या अर्जांसोबत आलेले दाखले आणि आधारच्या प्रती तिथे का ठेवल्या होत्या? माझाही होता त्यात."

चार वर्षांचे अर्ज. त्यात विधवा आयांचे उत्पन्न, घरचे पत्ते, मुलींचे फोटो. कोणी पाहिले की नाही हे आज सांगता येत नाही. ज्या मायमाऊलींनी शेजाऱ्यालाही न सांगितलेली तंगी आमच्या भरवशावर लिहून दिली, तिच्यावर आम्ही साधे कुलूपही बदलले नव्हते. अमानत म्हणजे केवळ पैसा किंवा दागिना नव्हे. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट, दिलेला कागद हीसुद्धा अमानतच. २०२३ साली आपल्या देशातही डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण आपल्याला तर त्याच्या कितीतरी आधीपासून अमानत ज्याची त्याला सुखरूप पोहोचवण्याचा हुकूम आहे.

समितीने त्या सर्व घरांना जाऊन घडलेली गोष्ट सांगितली. ते सोपे नव्हते. एका आईने दार लावून घेतले. दुसरीने मात्र सांगितले, "आलात आणि खरं बोललात, तेवढं पुरे." आता अर्जाच्या पानावर फक्त नाव, इयत्ता आणि फोन नंबर घेतो. कागद समोरासमोर पाहतो आणि परत देतो. जे ठेवलेच नाही, ते चोरीला जाणार कसे?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, इशानंतर, आम्ही वही उघडून बसतो. आधी बॅकअप, मग एकेक अपडेट, मग फॉर्म भरून पाहणे. अर्धा-पाऊण तास लागतो. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात आणि रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात मोठ्या आवृत्तीला हात लावत नाही; सुरक्षेचे छोटे अपडेट मात्र आपोआप होतील अशी सोय ठेवली आहे. वहीची दुसरी प्रत समितीच्या सचिवांकडे असते, पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. उद्या आम्ही नसलो तरी काम अडू नये.

तुमच्या घरात, दुकानात, शाळेत किंवा जमातीत अशी एखादी वेबसाईट असेल, तर या महिन्यात एवढेच विचारा: शेवटचा अपडेट कधी झाला, आणि बॅकअप कुठे आहे? दोन्हींचे उत्तर "माहीत नाही" असे आले तर आजच वही काढा. घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत बसवा. तिला आपल्यापेक्षा जास्त कळते, आणि तिचेही नाव त्या यादीत असू शकते.

अल्लाह आपल्या सर्वांना अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.